रेघेच्या अलीकडे: शिकाऊ वैमानिकांसाठी धावपट्टीची सुरक्षितता, टप्प्याटप्प्याने

जळगाव विमानतळाला धावपट्टी एकच. ०९/२७, लांबी सुमारे पावणेदोन किलोमीटर. प्रवाशांचं एटीआर ७२ तिच्यावरच उतरतं आणि शिकाऊ विमानांची सर्किटंही, म्हणजे सरावाच्या फेऱ्याही, तिच्यावरच चालतात. मुंबईच्या मानाने ही वर्दळ काहीच नाही. पण सर्किटमध्ये तीन शिकाऊ विमानं, होल्डिंग पॉईंटला (धावपट्टीत शिरण्याआधी थांबायच्या जागी) एक आणि आठ मैलांवर एटीआर, एवढं जमलं की शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो गजबजलेलाच विमानतळ झाला. शिरपूरच्या अकादमीत शिकणाऱ्यांनाही क्रॉस-कंट्रीच्या (दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या सराव उड्डाणाच्या) निमित्ताने आज ना उद्या अशा ठिकाणी उतरावं लागतं. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे.

जी घटना टाळायची, तिला रनवे इन्कर्शन म्हणतात. जे विमान, वाहन किंवा माणूस धावपट्टीच्या संरक्षित भागात असायला नको, ते तिथे असणं, एवढीच आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) व्याख्या. टक्कर व्हायलाच हवी असं नाही. सेस्नाचं, म्हणजे छोट्या शिकाऊ विमानाचं, नाक होल्डिंग रेघेपुढे हातभर गेलं तरी इन्कर्शन झालं.

भुसावळकडच्या ज्या घरांत रेल्वेची नोकरी आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढच्या स्टेशनने लाईन क्लिअर दिल्याशिवाय, प्रायव्हेट नंबरची देवाणघेवाण झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. धावपट्टीचं तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे रूळ नाहीत, त्यामुळे परवानगी नसतानाही विमान आत शिरू शकतं.

माझा अनुभव असा की शिकाऊ पोरांना नियम पाठ असतात. घात करते ती सवय. रोज तीच धावपट्टी, तोच टॅक्सीवे (धावपट्टीकडे नेणारा रस्ता), टॉवरचा (नियंत्रण कक्षाचा) तोच आवाज. मग कान टॉवर आज काय म्हणाला ते ऐकत नाहीत, रोज काय म्हणतो ते ऐकतात. पुढचा प्रत्येक टप्पा ही सवय मोडण्यासाठी आहे.

आदल्या संध्याकाळी

विमानतळाचा नकाशा समोर घ्या आणि एका कोऱ्या कागदावर हाताने काढा: एप्रन (विमानं उभी करायची जागा), टॅक्सीवे, होल्डिंग पॉईंट, धावपट्टीची दोन्ही टोकं. नकाशावर हॉट स्पॉट (जिथे चूक होण्याचा धोका जास्त अशा जागा) दाखवले असतील तर तेही. मोबाईलवर बघणं वेगळं, हाताने काढणं वेगळं. समांतर टॅक्सीवे नसेल, तर धावपट्टीवरूनच उलट टोकापर्यंत बॅकट्रॅक करावं लागणार. म्हणजे तुम्ही धावपट्टी दोन-तीन मिनिटं अडवणार. हे आधी लक्षात आलं तर टॉवर तुम्हाला थांबवून का ठेवतोय ते कळतं आणि चिडचिड होत नाही.

नोटॅम, म्हणजे विमानतळावरच्या तात्पुरत्या बदलांच्या सूचना, वाचा. टॅक्सीवे बंद, कडेला खोदकाम, दिवे बंद, हे सगळं तिथेच असतं. प्रवासी विमानाची वेळही विचारून ठेवा.

दिशांची एक गोष्ट. जळगाव, चिकलठाणा, ओझर, तिन्ही ठिकाणी धावपट्टी ०९/२७. आकडा म्हणजे चुंबकीय दिशा दहाच्या पटीत: ०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे. यातून दोन अडचणी निघतात. पहिली, परक्या विमानतळावरही आकडे ओळखीचे असल्याने तिथली रचनाही ओळखीची वाटू लागते, आणि ती तशी नसते. दुसरी, संध्याकाळी २७ वर उतरताना सूर्य थेट डोळ्यांत, सकाळी ०९ वर तेच. त्यात उन्हाळ्यातली धूळ काचेवर बसलेली असली तर समोर धावपट्टीवर उभं असलेलं पांढरं विमान शेवटपर्यंत दिसत नाही. म्हणून काच पुसणं हे प्री-फ्लाईटमधलं शोभेचं काम समजू नका.

इंजिन सुरू करण्याआधी

एटीआयएस (विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती) असेल तर ऐकून, नसेल तर टॉवरकडून धावपट्टी, वारा आणि क्यूएनएच (उंचीमापक लावायचा हवेचा दाब) घ्या आणि मांडीवरच्या पॅडवर लिहा. मग टॅक्सीचा, म्हणजे जमिनीवरून विमान नेण्याचा, मार्ग मोठ्याने बोलून दाखवा: कुठून निघणार, कुठे वळणार, पहिली होल्डिंग रेघ कुठे येणार. यात वाटेतली प्रत्येक धावपट्टी मोजा, वापरात नसलेलीसुद्धा. ती ओलांडायलाही वेगळी, स्पष्ट परवानगी लागते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, कधी त्याच्याही वर. विमानतळाची उंची ८०० फूट धरली आणि तापमान ४३ अंश, तर डेन्सिटी अल्टिट्यूड साधारण ४,३०० फूट येते. म्हणजे सेस्नाला वाटतं आपण एखाद्या डोंगरमाथ्यावरून उडतोय: धाव लांबते, चढ मंदावतो. टेक-ऑफचं अंतर तक्त्यातून काढा, अंदाजाने नको. २६ एप्रिल १९९३ ला औरंगाबादहून निघालेलं इंडियन एअरलाईन्सचं बोईंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. ११८ पैकी ५५ जण गेले. विमानाचं नाक उशिरा उचललं गेलं, आणि रस्त्यावरची वाहनं थांबवलेली नव्हती, असं चौकशीत निघालं. धावपट्टीची सुरक्षितता टोकाच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी संपत नाही.

टॅक्सी

भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग, त्यापेक्षा जास्त नको. टॅक्सी चालू असताना चेकलिस्ट वाचायची नाही, रेडिओची फ्रिक्वेन्सी शोधायची नाही, गप्पा नाहीत. काही करायचंच असेल तर थांबा, ब्रेक लावा, मग करा.

पाट्यांचा रंग पाठ असावा. काळ्यावर पिवळी अक्षरं: तुम्ही इथे आहात. पिवळ्यावर काळी: इकडे गेलात तर हे लागेल. लालवर पांढरी: परवानगीशिवाय पुढे नाही. रात्री टॅक्सीवेच्या कडेला निळे दिवे, मध्यरेषेला असतील तर हिरवे, धावपट्टीच्या कडेला पांढरे. होल्डिंग पॉईंटच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून लुकलुकणारे पिवळे दिवे म्हणजे पुढे धावपट्टी आहे. आडवी लाल दिव्यांची रांग, म्हणजे स्टॉप बार, पेटलेली असेल तर ती कधीच ओलांडायची नाही. टॉवरने परवानगी दिली आणि लाल दिवे पेटलेलेच राहिले, तरी थांबून विचारायचं.

वाट चुकली असं वाटलं तर? जागीच थांबा. फक्त एक अपवाद: आपण धावपट्टीवर आलोय अशी शंका असेल, तर टॉवरला ताबडतोब सांगा आणि त्याच्या सूचनेप्रमाणे बाहेर पडा. ८ ऑक्टोबर २००१ ला मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटं जेट चुकीच्या टॅक्सीवेने धावपट्टीवर आलं आणि उड्डाण घेत असलेल्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ माणसं गेली. तिथल्या पाट्या आणि खुणाही धड नव्हत्या. तापीकाठी हिवाळ्याच्या पहाटे धुकं आणि धूर मिसळून जी धुरकट हवा होते, तिच्यात ही गोष्ट डोक्यात ठेवा.

होल्डिंग पॉईंट

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं इथेच ठरतं.

रेघा चार असतात: दोन सलग, दोन तुटक. सलग रेघा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही बाहेर आहात आणि पुढे जायला परवानगी हवी. तुटक रेघा तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही धावपट्टीच्या बाजूला आहात आणि तुम्हाला बाहेर पडायचं आहे. रेघेच्या अगदी टोकावर नेऊन उभं करू नका, विमानाचा प्रत्येक भाग अलीकडे राहील इतकं अंतर ठेवा. जागा असेल तर नाक वाऱ्याकडे करा. उन्हाळ्यात इंजिन थंड राहायला मदत होते आणि थोडं तिरकं उभं राहिलं तर फायनलही (उतरणाऱ्या विमानाचा शेवटचा सरळ टप्पा) दिसतो.

आता रीडबॅक. होल्ड शॉर्ट (रेघेअलीकडे थांबणे), धावपट्टी ओलांडणे, लाईन अप (धावपट्टीवर उड्डाणाच्या दिशेने उभं राहणे), बॅकट्रॅक, टेक-ऑफ, लँडिंग, यांतली कुठलीही सूचना मिळाली की ती पूर्ण परत म्हणायची, धावपट्टीचा आकडा आणि आपला कॉल साईन (रेडिओवरचं नाव) यांच्यासकट. ‘रॉजर’ म्हणून भागत नाही. ‘रॉजर’चा अर्थ फक्त ‘ऐकलं’ एवढाच.

पण रीडबॅक बरोबर आला म्हणजे काम झालं, असंही नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाच्या विमानाला टॉवरने सांगितलं: नंबर वन, होल्डिंग पॉईंट सी-५ पर्यंत टॅक्सी. वैमानिकाने तेच शब्द परत म्हटले. आणि तरीही विमान रेघ ओलांडून धावपट्टीवर गेलं, तिथे सुमारे ४० सेकंद उभं राहिलं, आणि उतरणारं जपान एअरलाईन्सचं ए-३५० त्याच्यावर आलं. प्रवासी विमानातले ३७९ जण बाहेर पडले, तटरक्षक दलाचे सहापैकी पाच जण गेले. ‘नंबर वन’ म्हणजे रांगेत पहिले, इतकंच. मनात निघायची घाई असेल तर तेवढाही शब्द परवानगीसारखा ऐकू येतो.

म्हणून रीडबॅकनंतर आणखी एक काम करा. स्वतःला (आणि शेजारी कोणी असेल तर त्याला) मातृभाषेत विचारा: आत जायला सांगितलं का? ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर. अहिराणीत विचारा, लेवा बोलीत विचारा, कॉकपिटमधला हा प्रश्न टॉवरला ऐकू जात नाही. इंग्रजी शब्दांची पोपटपंची आणि प्रत्यक्ष समज यांच्यात इथे फट पडते, ती अशाने बुजते. उत्तर डळमळीत आलं तर पाय ब्रेकवर आणि टॉवरला ‘कन्फर्म’ करून घ्या.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या पोरांची एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी. टॉवरचं भरभर बोललेलं इंग्रजी निसटतं आणि ‘से अगेन’ म्हणायची लाज वाटते. फ्रिक्वेन्सीवर सगळे ऐकताहेत, हसतील. अरे भो, हसू दे. दोनदा विचारणाऱ्याला टॉवर कधी रागावला तरी त्या रागाचा कुठे रिपोर्ट होत नाही. घरी रोज थोडा वेळ आरटीचे (रेडिओवरच्या बोलण्याचे) संवाद मोठ्याने म्हणा, भावाला टॉवर बनवा, त्याला मुद्दाम सूचना बदलायला सांगा. रोजच्यापेक्षा वेगळी सूचना आली की जीभ अडखळते की नाही ते तिथे कळतं.

कॉल साईनची गफलत वेगळीच. एकाच शाळेची विमानं, नोंदणीची अक्षरं जवळजवळ सारखी. किलो लिमा (केएल) आणि लिमा किलो (एलके) एकाच वेळी फ्रिक्वेन्सीवर असतील तर दुसऱ्याची परवानगी आपली समजायला वेळ लागत नाही. अशा वेळी पूर्ण कॉल साईन वापरा. दुसऱ्याने तुमची सूचना परत म्हटली असं वाटलं तर गप्प बसू नका.

सशर्त परवानगीबद्दल: ‘बिहाइंड लँडिंग एटीआर, लाईन अप बिहाइंड’ असं आलं, तर ते एटीआर स्वतः पाहिल्याशिवाय रीडबॅक देऊ नका. दिसत नसेल तर तसं सांगा. आणि ते समोरून गेल्याशिवाय हलू नका.

लाईन अप आणि टेक-ऑफ

रेघ ओलांडण्याआधी फायनलकडे मान वळवून पाहा, मग धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडेही. परवानगी असली तरी पाहायचं. स्ट्रोब लाईट लावा. मध्यरेषेवर आल्यावर हेडिंग इंडिकेटर आणि कंपास धावपट्टीच्या आकड्याशी जुळतात का ते बघा. २७ वर उभे आहात आणि सुई ०९० दाखवतेय, तर काहीतरी मोठं चुकलंय.

‘लाईन अप अँड वेट’ म्हणजे थांबा. टेक-ऑफ हा शब्द टॉवर फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतो; एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. ही शिस्त टेनेरिफच्या राखेतून आली आहे. २७ मार्च १९७७ ला धुक्यात केएलएमच्या ७४७ ने परवानगी नसताना धाव घेतली, धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं ७४७ होतं, ५८३ माणसं गेली. तुम्हीही तो शब्द जपून वापरा.

लाईन अप होऊन उभे आहात आणि मिनिटभर टॉवर गप्प, तर आठवण करून द्या. तो तुम्हाला विसरलेला असू शकतो.

एटीआर आत्ताच उडालं असेल तर थांबा. सेस्ना १७२ लाईट गटात, एटीआर ७२ मीडियम गटात. मागोमाग उडताना दोन मिनिटं, मधल्या इंटरसेक्शनवरून उडत असाल तर तीन. तेवढ्या वेळाने वेक टर्ब्युलन्स (मोठ्या विमानामागची खळबळलेली हवा) विरतो.

सर्किटमध्ये एटीआरसोबत

इथे गणित लागतं, पण सोपं. एटीआर साधारण १२० नॉट्सने (ताशी सागरी मैल) येतंय असं धरा, म्हणजे मिनिटाला दोन सागरी मैल. टॉवर म्हणाला ‘एटीआर आठ मैलांवर’, तर ते चार मिनिटांत उंबरठ्यावर. तुम्ही डाऊनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यात) आहात, बेस (फायनलकडे नेणारा आडवा टप्पा) आणि फायनल धरून उतरायला तुम्हालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागणार, आणि फायनलवर सेस्नाचा वेग ६५ नॉट्सच्या आसपास. म्हणून टॉवर तीनपैकी एक सांगणार: डाऊनविंड लांबवा, ऑर्बिट (एक पूर्ण गोल फेरी) करा, किंवा लवकर वळून उतरा. कुठलं येईल याचा अंदाज बांधत राहिलात तर सूचना आल्यावर दचकणार नाही.

डाऊनविंड लांबवताना धावपट्टी नजरेआड होऊ देऊ नका, आणि सांगितल्याशिवाय बेसला वळू नका. ऑर्बिट कोणत्या बाजूला ते पक्कं ऐका. वळण्याआधी त्या बाजूला पाहा. ‘ट्रॅफिक इन साईट’ हे खरोखर तेच विमान दिसल्यावरच म्हणायचं. नाहीतर ‘लुकिंग आऊट’. एटीआरच्या मागे उतरताना तीन मिनिटांचं अंतर, त्याच्या वाटेपेक्षा वरून यायचं आणि त्याची चाकं जिथे टेकली त्याच्या पुढे टेकायचं. अर्थात धावपट्टी पुरत असेल तर. मे महिन्यात दुपारी हा हिशोब वेगळा असतो. नाहीतर सरळ आणखी एक ऑर्बिट मागा.

सर्किटमधल्या कॉलमध्ये आपला इरादाही सांगा: टच अँड गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उड्डाण) की फुल स्टॉप (उतरून थांबणं). मागच्याचा सगळा हिशोब त्यावर असतो.

फायनल आणि गो-अराउंड

फायनलवर तीन गोष्टी पाहायच्या: धावपट्टी बरोबर आहे का, मोकळी आहे का, परवानगी मिळाली का. तिसरी मिळाली नसेल तर शाळेच्या मॅन्युअलमध्ये ठरवलेल्या उंचीपर्यंत वाट पाहा, विचारा, आणि तरी नाही मिळाली तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढणं.

परवानगी आहे पण धावपट्टीवर कुत्रं आहे, तरी गो-अराउंड. आपल्याकडे हा विनोदाचा विषय नाही. आजूबाजूला कपाशीची आणि केळीची शेतं. रानडुक्कर कुंपणाखालून आत येतं, पावसानंतर बगळे आणि टिटव्या गवतात उतरतात, घारी तर बारमाही. दिसलं की टॉवरला सांगा, म्हणजे मागच्यालाही कळेल.

गो-अराउंडची क्रिया अशी: पूर्ण पॉवर, नाक चढाईला, १७२ ला फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) २० अंशांवर, चढ पक्का झाला की हळूहळू बाकीचे. बोलणं सगळ्यात शेवटी. खाली कोणी उडत असेल तर बाजूला सरकून त्याच्यावर नजर ठेवा. टच अँड गोमध्ये धावपट्टीचा अर्धा भाग ही मर्यादा धरा: तिथपर्यंत विमान नीट, सरळ आणि उडायला तयार नसेल तर पॉवर कमी करून थांबायचं.

उतरल्यावर

वेग पूर्ण कमी झाल्याशिवाय वळायचं नाही, आणि टॉवरने सांगितलेल्या ठिकाणीच बाहेर पडायचं. मागे कोणी फायनलवर असेल तर रेंगाळू नका, पण त्याच्या घाईने ब्रेकही दाबत सुटू नका. गो-अराउंड करणं हा त्याचा प्रश्न आहे. संपूर्ण विमान, शेपटीसकट, होल्डिंग रेघेबाहेर गेल्यावरच ‘रनवे व्हेकेटेड’. फ्लॅप वर घेणं, लाईट बंद करणं, मोबाईल शोधणं, सगळं त्यानंतर.

इन्स्ट्रक्टर शेजारी असताना

एकट्याने उडताना मूल दक्ष असतं. सर शेजारी बसले की अर्धं लक्ष त्यांच्याकडे सोपवतं. आणि सर शिकवण्यात गुंतलेले असतात. दोघांनाही वाटतं दुसरा ऐकतोय. यावर उपाय एकच: परवानगी कोण ऐकणार आणि रेघ कोण पाहणार हे इंजिन सुरू करण्याआधीच ठरवा, आणि दोघांपैकी एकालाही शंका आली तर विमान थांबेल हे कबूल करून घ्या.

आपल्याकडे वडीलधाऱ्याला टोकायचं नाही हे अंगात भिनलेलं असतं. त्यासाठी शब्द आधीच ठरवून ठेवावेत. ‘सर, स्टॉप’ एवढे दोन पुरतात, आदरही राहतो. जे इन्स्ट्रक्टर पहिल्याच दिवशी सांगतात की मी चुकलो तर ओरड, त्यांच्याकडे पोरं जास्त शिकतात असं मला दिसलंय.

रेडिओ गेला तर

आधी आवाजाचं बटण, हेडसेटचा प्लग, फ्रिक्वेन्सी बघा; बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. खरोखर गेला असेल तर ट्रान्सपाँडरवर (रडारला विमानाचा कोड कळवणारं यंत्र) ७६००, आणि टॉवरकडे नजर, कारण आता सूचना दिव्याने येतील. जमिनीवर असताना स्थिर हिरवा म्हणजे टेक-ऑफची परवानगी, लुकलुकता हिरवा म्हणजे टॅक्सी, स्थिर लाल म्हणजे थांबा, लुकलुकता लाल म्हणजे धावपट्टीतून बाहेर पडा, लुकलुकता पांढरा म्हणजे निघालात तिथे परत या. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि फिरत राहा, लुकलुकता हिरवा म्हणजे उतरण्यासाठी परत या, लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ असुरक्षित, उतरू नका.

काही घडलंच तर

रेघ ओलांडली गेली, चुकीच्या ठिकाणी वळलात, दुसऱ्याची परवानगी आपली समजलात: टॉवरला तिथल्या तिथे सांगा, कारण कोणीतरी फायनलवर असेल. उतरल्यावर, कोणाशी बोलण्याआधी, कागदावर लिहा: वेळ, कुठे होतात, टॉवरचे शब्द जसे आठवतात तसे, आणि तुम्हाला काय वाटलं होतं. शेवटचा मुद्दा सगळ्यात कामाचा, आणि रात्र गेली की तो बदलतो. मग इन्स्ट्रक्टरला सांगा आणि शाळेच्या सेफ्टी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) जाणारा रिपोर्ट तिथूनच जाईल. टॉवरचं संभाषण रेकॉर्ड झालेलं असतं, तेव्हा आठवणीवरून वाद घालत बसू नका, रेकॉर्डिंग ऐकायची विनंती करा.